खोक्यावरची सही

आमचे हे, म्हणजे हरिदास, टीव्हीच्या पाठीवर बोटाने ठोकून सांगायचे की हा टिकेल की दोन वर्षांत रडवेल. लोक कलिंगड ठोकून बघतात तसं. दिल्ली आणि गाझियाबादमधल्या निम्म्या मराठी घरांत ह्यांनी निवडलेला टीव्ही होता आणि उरलेल्या निम्म्यांत फ्रिज. मंडळाच्या गणपतीत आरती संपायचा अवकाश, की माणसं ह्यांना गाठायची. "हरिदासभाऊ, एकवीस इंची घ्यायचाय, कुठला घेऊ?" झालं! मी खिरापतीचं ताट धरून उभी आणि हे कोपऱ्यात पिक्चर ट्यूबवर प्रवचन देतायत. मी डोळे वटारले तरी ह्यांना पत्ता नसायचा. तेव्हा मला त्याचा फार राग यायचा.

आम्ही ब्याऐंशी साली पुण्याहून आलो. साहिबाबादला निहार टेलिव्हिजन नावाचा कारखाना होता, तिथे हे तपासणी खात्यात. जोडून पूर्ण झालेला टीव्ही सगळ्यात शेवटी ह्यांच्या टेबलावर यायचा. चार तास चालू ठेवून तो तापवायचा, मग रबरी हातोडीने पाठीवर ठोकायचं. आत कुठे तारा जोडणारा डाख कच्चा राहिला असेल तर चित्र हलतं. चारही कोपऱ्यांत रंग सारखा उतरलाय का ते पाहायचं आणि सगळं नीट असलं तरच आतल्या कागदी पट्टीवर सही करायची. सही नसलेला टीव्ही फाटकाबाहेर जात नसे. एकदा ऐन दिवाळीत ह्यांनी चाळीस टीव्ही अडवून ठेवले. मॅनेजर ओरडला, पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. हे आपले टेबलाशी बसून राहिले. घरी येऊन मला म्हणाले, "इंदू, माझी सही म्हणजे काय रबरी शिक्का आहे?" मी म्हटलं, "अहो, बोनस गेला तर?" तर जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. असा माणूस.

मग बाजार उघडला. कोरियाचे टीव्ही आले, चपट्या पडद्याचे, चांदीच्या रंगाचे. जुना द्या, नवा न्या. आज न्या, पैसे पुढच्या वर्षी. निहारचा लाकडी खोक्यासारखा टीव्ही कोण विचारतो? सत्त्याण्णव साली एका सोमवारी हे डबा घेऊन गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. फाटकाला कुलूप होतं.

मला वाटलं चिडतील, रडतील, दारू पितील, काहीतरी करतील. काही नाही. वैशाली वसाहतीतल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले ते दोन वर्षं बसले. समोर नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्यांचे मजले चढताना बघत. जेवण वाढलं की जेवायचे. मीठ कमी का जास्त, एक शब्द नाही. आमची प्रणिता तेव्हा बारावीला. ती म्हणायची, "मम्मी, पप्पा ना एकदम ऑफ झालेत यार." मी तिला दटावलं, "बापाबद्दल असं बोलतात?" पण बोलली ते खोटं नव्हतं. घर मी शिकवण्यांवर ओढलं. वीस पोरं सकाळी, वीस संध्याकाळी, सगळ्यांची गणितं कच्ची.

शेवटी ज्यांनी कारखाना बुडवला त्यांच्याचकडे नोकरी लागली. ह्याला म्हणतात नशिबाची थट्टा! त्या कोरियन कंपनीने ह्यांना विकास मार्गावरच्या एका मोठ्या दुकानात उभं केलं. पगार कंपनीचा, जागा दुकानाची, विकायचे फक्त कंपनीचे टीव्ही. निळा शर्ट, छातीवर नावाचा बिल्ला. दुकानाचे मालक सचदेवाजी, माणूस वाईट नव्हता, पण धंदेवाईक. जुन्याच्या बदल्यात नव्याची योजना निघाली की लोक रिक्षांत घालून जुने टीव्ही आणायचे. त्यात निहारचे पुष्कळ असायचे. चालू असो नाहीतर बंद, सगळ्यांना एकच भाव. मागच्या गल्लीत रास लागायची आणि आठवड्याने भंगारवाला उचलून न्यायचा.

मी एकदा विचारलं, "त्यांच्यात तुमची सही दिसत असेल नाही?"

"आत असते ती. मागचं झाकण मी उघडत नाही," हे म्हणाले आणि आमटी ओरपली.

दुकानात ह्यांची एकच गोष्ट जुनी राहिली होती, ती आपल्या लोकांपायी. ते असं की इथल्या लोकांची खरेदी धनत्रयोदशीची. सेल काय, बक्षिसं काय, सगळं त्या संध्याकाळपर्यंत. आपल्याला हवा पाडवा, साडेतीन मुहूर्तांतला. आणि दिवाळीनंतर इथला बाजार बंद! विश्वकर्म्याची पूजा असते, कोणी हत्याराला नि तराजूला हात लावत नाही. मग आपल्या लोकांनी यावर तोड काढली. सेलमध्ये धनत्रयोदशीला टीव्ही घ्यायचा, घरी आणून बंद खोका देवासमोर ठेवायचा आणि पाडव्याला हळदकुंकू वाहून उघडायचा. म्हणजे सूटही मिळाली आणि मुहूर्तही साधला. पण यात गोम अशी, की टीव्ही बिघडका निघाला तर बिल केल्यापासून बहात्तर तासांत सांगावं लागायचं. त्यानंतर बदलून मिळत नसे, नुसती दुरुस्ती. पाडव्याला खोका उघडेपर्यंत ते तास सरत आलेले असायचे आणि सांगायला जावं तर बाजार बंद.

म्हणून हे काय करायचे, आपल्या माणसाने टीव्ही घेतला की दुकानाच्या मागच्या खोलीत खोका उघडायचे. अर्धा तास टीव्ही चालवायचे, ठोकायचे, कोपरे बघायचे. मग परत थर्माकोल घालून, खाकी पट्टी लावून, त्या पट्टीवर आडवी सही आणि तारीख. मंडळात त्या सहीचं नाव झालं होतं. लोक म्हणायचे, हरिदासभाऊंची सही आहे ना, मग पाडवा काय, संक्रांतीला उघडा. दोन वर्षांत एकही खोका परत आला नाही. घरी हे जी चार वाक्यं बोलायचे ती या खोक्यांबद्दलच. मी मुद्दाम विचारायची, कारण तेवढाच एक दरवाजा उघडा होता.

दोन हजार दोनच्या दिवाळीत कंपनीने आकडा दिला. नवरात्रापासून धनत्रयोदशीपर्यंत साठ टीव्ही विकले पाहिजेत. नाही विकले तर करार तिथेच संपला, दिवाळीनंतर येऊ नका. हे एक्कावन्न वर्षांचे. प्रणिताचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. पुन्हा ती बाल्कनी आणि ती खुर्ची! पैशांचं मी कसंही केलं असतं हो. पण तो माणूस पुन्हा त्या खुर्चीत बसला असता तर उठला नसता, हे मला दिसत होतं.

सचदेवाजींनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हरिदासजी, आप एक डिब्बा खोलते हो, उतने में बाकी लोग तीन बेच देते हैं। या डिब्बे खोल लो, या नौकरी कर लो।" हे मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं. आवाज असा, की जणू शेजाऱ्याची गोष्ट सांगतायत. आणि दुसरं एक सांगितलं, की या वेळच्या मालात काहीतरी खोट आहे. त्या आठवड्यात तीन टीव्ही परत आले होते, पडद्यावर आडव्या रेघा. "तपासूनच द्यायला हवेत," म्हणाले. मी म्हटलं, "मग तपासा." हे म्हणाले, "हो."

धनत्रयोदशीला मी आमच्या मंडळातल्या मीनाक्षीबरोबर दुकानात गेले. मीनाक्षी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या महाराष्ट्राच्या सदनात नोकरीला, राहायला लक्ष्मीनगरात. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतर घरात घेतलेली ही पहिली नवी वस्तू. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसभर एकटी भिंतीकडे बघत पडून असायची, तिच्यासाठी टीव्ही. मीनाक्षी आठवडाभर मला फोन करून विचारत होती, "इंदुवहिनी, हरिदासभाऊ स्वतः बघून देतील ना? पुन्हापुन्हा नाही गं परवडणार मला." मी दर वेळी म्हणायची, "अगं, त्यांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. विकास मार्ग गच्च भरलेला, दिव्यांच्या माळा, लाउडस्पीकर, भांडी घेऊन निघालेल्या बायका, गाड्यांचे भोंगे. हे कुठे ते दिसेना. शेवटी निळा शर्ट दिसला. तीन गिऱ्हाइकांशी एकदम बोलत होते. "जी मॅडम, बेस्ट सेलर है जी। जी सर, फुल वॉरंटी।" ह्यांचा चेहरा मी इतक्या जवळून आणि इतक्या परक्यासारखा कधी पाहिला नव्हता. मीनाक्षीने टीव्ही पसंत केला, बिलाच्या रांगेत गेली. ह्यांच्या खिशात एक कागद होता, त्यावर रेघा मारलेल्या. मला दाखवला. एकोणसाठ. हा साठावा.

"झालं की मग!" मी म्हटलं. खरंच, माझ्या अंगात जीव परत आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात हमालाने तिचा खोका आणून समोर ठेवला. सचदेवाजी पलीकडून ओरडले, "हरिदासजी, यहाँ दो पार्टी खड़ी हैं!" हे खोक्याकडे बघत उभे राहिले. किती वेळ? चार श्वास घ्यावेत एवढा. मी मनात म्हणत होते, न्या मागे, उघडा, अर्धा तास काय मोठासा. साठावा तर झालाच आहे, आता कोण काय करणार आहे? अहो, न्या ना! पण तोंडातून शब्द काढला नाही मी. का नाही काढला ते आजवर मला कळलेलं नाही. ह्यांनी वरच्या खिशातून जाड पेन काढलं, कारखान्याच्या बंद पट्टीवरच दुसरी खाकी पट्टी ओढली, सही केली, तारीख घातली. आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. "जी मॅडम."

मीनाक्षी पावती नाचवत आली. सहीवर हात फिरवला तिने. मग मला विचारलं, "उघडून बघितला ना गं, वहिनी?"

मी म्हटलं, "हो. माझ्यासमोर."

एवढं सोपं होतं ते. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये नेमका एक भाकड दिवस आला. म्हणजे खोका चार दिवस बंद. मी अनारसे केले, ते तुपात हसले. सगळे. वीस वर्षांत माझे अनारसे हसले नव्हते. प्रणिता म्हणाली, "चलो, चुरा खाऊ, टेस्ट तर सेमच आहे." तिसऱ्या दिवशी दुपारी मी ह्यांना म्हटलं, "संध्याकाळी बहात्तर तास भरतील. मीनाक्षीला फोन करते, आजच उघड म्हणते."

"काय कारण सांगशील?"

"सांगेन काहीतरी. सांगेन की गडबडीत तपासायचा राहिला."

"सांग," हे म्हणाले. रागाने नाही, आढ्यतेने नाही. नुसतं 'सांग' म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. मी फोनजवळ गेले. आकडे पण फिरवले तीन-चार. मग सासूबाईंना झोपवायची वेळ असेल, उगाच कशाला, असं काहीतरी मनाशी म्हणून रिसीव्हर ठेवून दिला. भित्री कुठली! दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून देते मी.

पाडव्याला सकाळी आम्ही दोघं लक्ष्मीनगरात गेलो. दोन खोल्यांचं घर, पण तिने दारात रांगोळी घातली होती, खोक्याला झेंडूचा हार घातला होता. सासूबाईंना उशा लावून बसतं केलं होतं. मीनाक्षी मला म्हणाली, "वहिनी, तू सवाष्ण, तू कुंकू लाव." मी फटकन म्हटलं, "काही नको! तुझ्या पैशांचा आहे, तूच लाव." ती हिरमुसली. तिला वाटलं मी तिच्या भल्यासाठीच चिडले. मग तिनेच कुंकू लावलं. ह्यांची सही मधोमध कापत सुरी गेली आणि खोका उघडला.

बटण दाबलं. पडदा एक क्षण काळा राहिला. माझा हात सासूबाईंच्या खाटेच्या लोखंडी कडेवर होता, ती गार कड मला अजून आठवते. मग चित्र आलं. स्वच्छ, एकही रेघ नाही. बायका नाचत होत्या, रंग असे की डोळे दिपावेत. म्हातारीने दोन्ही हात जोडले. मीनाक्षी रडायला लागली. ह्यांच्या पाया पडायला वाकली तर हे मागे सरले, "अरे नाही, नाही." मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. वाटलं, आता सुटकेचा श्वास टाकतील. निदान कपाळ पुसतील. ह्यांनी करंजी घेतली आणि खाल्ली. पाठीवर ठोकूनही बघितलं नाही.

परतताना रस्ते रिकामे होते, दुकानांची शटर बंद. आम्ही बस थांब्यावर उभे राहिलो. मी म्हटलं, "देवाने राखली."

"देवाचं काय आहे त्यात? टीव्ही चांगला होता," हे म्हणाले.

"आणि नसता तर?"

ह्यांनी बस येतेय का ते वाकून बघितलं. मग अगदी साधेपणाने, मला काहीतरी समजावून सांगावं तसं म्हणाले, "इंदू, न बघताही चालतं गं. मी उघडला असता तरी तो तसाच लागला असता. मग इतकी वर्षं मी काय बघत होतो?"

मला उत्तर द्यायला हवं होतं. त्या चाळीस टीव्हींची आठवण द्यायला हवी होती, भांडायला हवं होतं, बस थांब्यावर सगळ्यांसमोर रडून गोंधळ घालायला हवा होता. माझ्याइतकी भांडखोर बाई अख्ख्या सेक्टरात नाही, विचारा कुणालाही. पण मला काहीच वाटलं नाही. बस आली, आम्ही चढलो, बसायला जागा मिळाली.

त्यानंतर हे फार चांगले विक्रेते झाले. करार वाढला. मार्चमध्ये कंपनीने ह्यांना गुडगावच्या नव्या मॉलमध्ये नेलं, शर्टावर टाय आला. पहाटे चार्टर्ड बसने जायचे. तिथे पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं येतात, त्यांच्या कानावर कुणीतरी घातलेलं असतं, ती म्हणतात, "काका, तुमची सही हवी." हे खिशातून पेन काढतात आणि सही करतात. दिवसाला दहा खोके, कधी बारा. त्यातले काही बिघडके निघत असतील, काही निघत नसतील. दोष निघाला तर लोक नशिबाला लावतात, म्हणतात हरिदासभाऊंनी बघूनसुद्धा असं झालं. दिवाळीला कंपनीने बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. खुर्चीत बसून राहण्यापेक्षा हे बरंच की, असं मी म्हणते. दगडापेक्षा वीट मऊ. आणि ते खोटंही नाही, प्रणिताची शेवटची फी त्यातूनच गेली.

गेल्या उन्हाळ्यात आमचा फ्रिज गेला. दूध नासायला लागलं. दुपारी पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, "अहो, कुठला घेऊ हो? दोन दारांचा घेऊ की एका?"

हे पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "जी, डबल डोर लीजिए। बेस्ट सेलर है जी। फुल वॉरंटी।"

मी वाट पाहिली. हसतील म्हणून. थट्टा केली असेल म्हणून. वीस वर्षांत घरात माझ्याशी हिंदी बोलले नव्हते. ते पुढचं पान वाचत होते. आपण काय बोललो ते त्यांना कळलेलंच नव्हतं. मी गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी ह्यांना न सांगता मी शेअर ऑटोने गाझियाबादच्या बाजारात गेले. एका दुकानात काउंटरवर माझ्याच वयाची एक पंजाबी बाई होती, स्वेटर विणत बसलेली, उन्हाळ्यात. तिला मी विचारलं, "बहनजी, सच बताइए, ये वाला टिकेगा?"

तिने सुया खाली ठेवल्या, उठली, फ्रिजचं दार उघडून दोनदा लावलं, दाराच्या रबरात एक कागद अडकवून ओढून बघितला, तो अलगद सुटून आला, आणि म्हणाली, "ना जी, ये मत लो।"

मी तिथे गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले आणि मला इतकं रडू आलं, की तिला पाणी आणायला धावावं लागलं.